नदीचा तळ खोदण्यापूर्वी नदीचा इतिहास वाचावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आला की नदी-नाल्यांच्या खोलीकरणाच्या आणि रुंदीकरणाच्या कामांच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर नियमाने येतात. पोकलेनने मोकळे केलेले पात्र, दोन्ही बाजूंना रचलेले मातीचे ढीग आणि पहिल्या पावसात त्यात साठलेले पाणी यांची छायाचित्रे पाहून दुष्काळी भागातील माणसाला आनंद होणे स्वाभाविक आहे. मी स्वतः प्रवरा नदीच्या काठच्या तालुक्यात राहतो आणि पाण्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे मला चांगले माहीत आहे. त्यामुळे लोकवर्गणीतून आणि श्रमदानातून होणाऱ्या या कामांमागील तळमळीविषयी मला पूर्ण आदर आहे. तरीही एक गोष्ट फार दिवस खटकते आहे. आपल्या कोरडवाहू प्रदेशातील नद्या कशा घडल्या, त्यांचा तळ कधी वर आला आणि कधी खाली गेला, याविषयी पुण्यातील भूगोल आणि पुरातत्त्व या विषयांच्या अभ्यासकांनी गेल्या सहा-सात दशकांत अत्यंत मोलाचे संशोधन केले आहे. नदी खोदण्याचा निर्णय घेणाऱ्या कोणत्याही कार्यालयात हे संशोधन उघडून पाहिले जात असल्याचे मात्र दिसत नाही.

प्रवरेचेच उदाहरण घेतो. ही नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. जवळच्या घाटघरला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात, कारण सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तीच नदी अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर असा प्रवास करीत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, तेव्हा तिच्या दोन्ही तीरांवर वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडत असतो. म्हणजे ओल्या प्रदेशात जन्मलेली आणि बहुतेक आयुष्य पर्जन्यछायेत घालवणारी ही नदी आहे. घोड, कुकडी, भीमा या नद्यांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच आहे. वर्षातील बहुतेक महिने पात्र कोरडे किंवा क्षीण धारेचे असते आणि पावसाळ्यातील काही मोजक्या दिवसांत नदी आपले सगळे काम उरकते. गाळ, वाळू आणि गोटे यांची वाहतूक याच थोड्या दिवसांत होते.

पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातील डॉ. विश्वास काळे यांनी भारतातील मोसमी नद्यांवर प्रदीर्घ काळ संशोधन केले. द्वीपकल्पातील नद्यांविषयी त्यांच्या अभ्यासातून पुढे येणारी एक महत्त्वाची गोष्ट अशी की, या नद्यांचे तळ अनेक ठिकाणी खडकाळ आणि काठ चिकट मातीचे असल्यामुळे दरवर्षीचे साधारण पूर पात्राचा आकार फारसा बदलू शकत नाहीत. पात्राची खरी घडण क्वचित येणारे मोठे पूर करतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, आपण पात्रात केलेला बदल निरुपद्रवी ठरला आहे की नाही, हे दोन-चार सामान्य पावसाळ्यांवरून कळतच नाही. खोलीकरणानंतर पहिल्या वर्षी विहिरींना पाणी वाढले म्हणून योजना यशस्वी झाली, असे जाहीर करणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यायला हवी.

या संशोधनाचा गाभा मात्र याहून जुन्या काळात आहे, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी मागतो. संगमनेरपासून नेवाशापर्यंत प्रवरेच्या काठाने चालले की नदी दोन्ही बाजूंना उंच मातीच्या दरडींमध्ये वाहताना दिसते. काही ठिकाणी या दरडी पंधरा-वीस मीटरपर्यंत उंच आहेत. तळाशी खडक, त्यावर एकमेकांत घट्ट चिकटलेल्या गोट्यांचा थर, त्यावर पिवळसर-तपकिरी गाळ, त्यात जागोजागी चुनखडीचे खडे, आणि सर्वांत वर काळी माती, असा हा क्रम असतो. आजची नदी, अगदी महापुरातही, एवढा गाळ एवढ्या उंचीवर आणून पसरवताना दिसत नाही. मग तो आला कोठून आणि कधी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुण्यातील डेक्कन कॉलेज या पुरातत्त्वाच्या संस्थेतील डॉ. शरद राजगुरू यांनी उभे आयुष्य घातले. त्यांनी आणि डॉ. काळे यांनी १९८७ साली ‘नेचर’ या जगन्मान्य नियतकालिकात वायव्य दख्खनच्या पठारावरील नद्यांच्या गाळाचा इतिहास मांडला. गाळात सापडलेल्या शिंपल्यांसारख्या अवशेषांच्या कार्बन कालमापनाचा आधार घेऊन त्यांनी दाखवले की, या नद्यांचे भरणे आणि कापणे मोसमी पावसाच्या चढउतारांशी जुळते. शेवटच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस दुबळा झाला होता. त्या काळात डोंगरउतारांवरील झाडोरा विरळ झाला, उघडी पडलेली माती ओढ्यांतून नदीत येऊ लागली, पण ती पुढे वाहून नेण्याइतका जोर नदीत उरला नव्हता. परिणामी पात्रे गाळाने भरत गेली आणि नद्यांचा तळ वर उचलला गेला. पुढे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मोसमी पाऊस बळावला, उतारांवर गवत आणि झाडे परतली, नदीत पाणी वाढले आणि येणारा गाळ कमी झाला. तेव्हा याच नद्यांनी आपणच साठवलेला गाळ कापत खाली उतरायला सुरुवात केली. आज दिसणाऱ्या दरडी त्या कापणीच्या खुणा आहेत.

अवर्षणाच्या काळात नदी भरते आणि चांगल्या पावसाच्या काळात ती खोल जाते, ही गोष्ट प्रथम ऐकताना उलटी वाटते. म्हणूनच ती शाळेत शिकवली गेली पाहिजे. मी अनेक वर्षे भूगोल शिकवला. आमच्या पाठ्यपुस्तकांत गंगेच्या मैदानातील नागमोडी वळणे आणि नालाकृती सरोवरे आवर्जून असत, परंतु वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या दरडींविषयी एक ओळही नसे. मुलांना स्वतःच्या नदीपेक्षा दूरच्या नद्या अधिक ठाऊक असाव्यात, हे मला आजही दुःखाचे वाटते.

या दरडींमध्ये माणसाचाही इतिहास आहे. पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून नेवाशाला उत्खनन केले आणि प्रवरेच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारे दाखवून दिली. पुढे गुद्रुन कोर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने नेवाशाजवळ चिरकी येथे काम केले आणि संपूर्ण प्रवरा खोऱ्याची पाहणी प्रसिद्ध केली. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठच्या गाळात सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ती राख सुमारे पंचाहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची आहे की त्याहून पुष्कळ जुन्या स्फोटाची, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि त्या मतभेदावर भारतातील अश्मयुगाच्या काळाविषयीचे बरेच काही अवलंबून आहे. असा मतभेद मिटवायचा तर मूळ थर जागेवर शाबूत राहावे लागतात. विटांसाठी माती, बांधकामासाठी वाळू आणि सपाटीकरणासाठी दरड, अशा रीतीने ते सर्वत्र तुटत आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मुख्य नदीचा तळ हा तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याचा पाया असतो. तो तळ खाली गेला की ओढ्याचा उतार मुखापाशी एकदम तीव्र होतो, तेथे पाण्याला कापण्याची ताकद येते आणि ही कापणी मुखाकडून उगमाच्या दिशेने मागे सरकत जाते. ओढ्यानंतर त्याला मिळणारी ओघळ, ओघळीनंतर शेताचा बांध, असा तो क्रम आहे. प्रवरेच्या काठी संगमनेर आणि राहुरी परिसरात घळींनी चिरलेली जी जमीन दिसते, ती नदीने जुना गाळ कापून तळ खाली नेल्यावर अशाच प्रक्रियेने तयार झाली आहे. निसर्गाला त्यासाठी हजारो वर्षे लागली. आपण मात्र यंत्रांच्या साहाय्याने एका उन्हाळ्यात तळ दोन-तीन मीटर खाली नेतो, आणि त्याचे उत्तर वरच्या बाजूच्या ओढ्यांकडून काही वर्षांनी येईल याचा विचारही करत नाही. ज्या गावात खोदकाम होते, त्या गावाला पाणी दिसते. ज्याच्या शेताची कड ढासळते, तो शेतकरी बहुधा वरच्या गावचा असतो आणि त्याच्या नुकसानीचा संबंध खालच्या खोदकामाशी कोणी जोडत नाही.

घळींची जमीन सपाट करून तेथे ऊस किंवा डाळिंब लावणाऱ्या शेतकऱ्यांना मी दोष देणार नाही. वाटण्या होऊन तुकडे पडलेल्या घरात दोन एकर जमीन नव्याने हाती येणे ही फार मोठी गोष्ट असते. परंतु गाळाची ही माती चुनखडीयुक्त आणि सहज विरघळून वाहून जाणारी आहे. नुसती ढकलून समतल केली, तर मोठ्या पावसात जुन्या घळीच्याच मार्गाने ती पुन्हा खचते. पाण्याला जाण्यासाठी जुनी वाट ठेवून, टप्प्याटप्प्याने बांध घालून हे काम करता येते. तसा सल्ला देणारे कोणी तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध नसते, ही अडचण आहे.

वाळूचे तसेच. आपल्या पठाराचा खडक बेसॉल्ट आहे आणि तो झिजून मुख्यत्वे चिकणमाती तयार होते. वाळू तुलनेने कमी निर्माण होते. पात्रात दिसणाऱ्या वाळूचा काही भाग तर जुन्या काळी साठलेल्या थरांतूनच सुटून आलेला असतो. शिवाय प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, पुढे निळवंड्याचे धरण झाले आणि वरून येणारा जाडा गाळ धरणांच्या मागे अडू लागला. तेव्हा उपसलेली वाळू पुढच्या पुरात भरून येते, हा समज आपल्या नद्यांच्या बाबतीत फारसा खरा नाही. शासनाने २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले, नंतर ते पुन्हा बदलले. या सर्व चर्चेत दर, लिलाव, वाहतूक आणि चोरी यांचा विचार झाला. नदीत दरवर्षी नवी वाळू येते तरी किती, हा पहिला प्रश्न मागेच राहिला. कोरडवाहू प्रदेशात पात्रातील वाळू हे पाण्याचे साठवण आहे. वरचा थर वाळला तरी त्याखालचे पाणी उन्हापासून सुरक्षित राहते, म्हणून तर आपल्याकडे पात्रात झिरे खणून उन्हाळा काढण्याची रीत होती आणि आजही अनेक गावांच्या नळयोजनेच्या विहिरी पात्रालगत आहेत. वाळू गेली की हे साठवणही जाते आणि तळ खाली जाऊन वर सांगितलेली कापणीची प्रक्रियाही सुरू होते.

खोलीकरणाच्या समर्थनार्थ नेहमी शिरपूरचे उदाहरण दिले जाते. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात केलेले नाला खोलीकरणाचे काम मी कमी लेखत नाही. परंतु शिरपूर तालुक्याचा मोठा भाग तापीच्या खोल गाळाने भरलेल्या खोऱ्यात आहे आणि तेथे थरांची रचना स्वतः तपासणारा जाणकार कामावर हजर होता. नगर, बीड, सोलापूर, साताऱ्याचा माण-खटाव या भागांत बहुतेक ठिकाणी वर पातळ माती, खाली मुरूम, त्याखाली कोठे मांजऱ्या हा मऊसर खडक आणि कोठे काळा पाषाण अशी रचना आहे. पाणी धरणारा आणि झिरपवणारा जो मुरमाचा थर, तोच खोदून काढला आणि खाली अखंड पाषाण लागला, तर उघड्या खड्ड्यात पाणी दिसेल, पण ते जमिनीत मुरण्याऐवजी उन्हाने उडून जाईल. एका खोऱ्यात यशस्वी झालेली पद्धत दुसऱ्या खोऱ्यात शासन निर्णयाने नेता येत नाही. जलयुक्त शिवार अभियानातील अशा खोदकामांच्या शास्त्रीयतेविषयी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. तरी त्यानंतरच्या कामांतही प्रत्येक ठिकाणच्या पात्राचा स्वतंत्र अभ्यास झाल्याचे चित्र नाही. येथे एक भेद स्पष्ट करतो. धरणांत, पाझर तलावांत आणि गावतळ्यांत साचलेला गाळ काढून शेतात टाकणे हे उपयुक्त काम आहे, कारण तो गाळ आपणच बांधलेल्या भिंतीमुळे तेथे अडलेला असतो. माझा आक्षेप नैसर्गिक पात्राचा तळ आणि काठ तोडण्याला आहे.

पुरांच्या बाबतीतही या संशोधनाचा थेट उपयोग आहे. डॉ. काळे यांनी परदेशी आणि भारतीय सहकाऱ्यांबरोबर नर्मदा आणि तापी यांच्या घळींमध्ये जुन्या महापुरांचा शोध घेतला. महापुराचे पाणी कडेच्या खबदाडांत आणि उपनद्यांच्या मुखांत संथ होते तेव्हा तेथे बारीक गाळाचा एकेक थर बसतो. असे थर मोजून आणि त्यांचे वय काढून शेकडो वर्षांतील मोठ्या पुरांची नोंद मिळवता येते. या नोंदींतून दिसले की, महापूर काळात समान अंतराने विखुरलेले नसतात. काही शतकांत ते एकामागून एक येतात आणि काही शतके जवळजवळ मोकळी जातात. आपल्याकडे निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा आणि लाल पूररेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या आधारे आखली जाते, आणि त्यासाठी वापरलेल्या प्रत्यक्ष मोजणीच्या नोंदी अनेक नद्यांवर पन्नास-साठ वर्षांपेक्षा जुन्या नसतात. त्या नोंदी शांत कालखंडातील असतील, तर शंभर वर्षांचा म्हणून काढलेला आकडा फसवा ठरू शकतो. पूररेषेवरून बांधकामांचे वाद न्यायालयापर्यंत जातात, मात्र त्या रेषेसाठी गाळातील पुरावा पाहावा अशी मागणी आजवर कोठे वाचनात आलेली नाही.

एखाद्याला असे वाटेल की हजारो वर्षांच्या गोष्टींचा आजच्या तहसील कार्यालयाशी काय संबंध. त्याने शिरूर तालुक्यातील इनामगावाकडे पाहावे. घोड नदीच्या काठी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेल्या या गावाचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात झाले. तेथे बंधारा आणि पाण्याचा पाट यांचे अवशेष मिळाले. उत्तरकाळात घरे लहान झाली, शेती घटली आणि शेवटी वस्ती उठली. पुरातत्त्वज्ञ डॉ. म. के. ढवळीकर यांनी त्याचे कारण वाढत्या अवर्षणात पाहिले. सगळे खापर पावसावर फोडणे मला पुरेसे वाटत नाही, कारण माणसाच्या निर्णयांचाही त्यात वाटा असणार. पण नदी, पाऊस आणि वस्ती यांचे नाते उलगडून पाहण्याची जी दृष्टी या मंडळींनी दिली, ती आजच्या नियोजनात असायलाच हवी.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, नैसर्गिक पात्राच्या खोलीकरणाच्या किंवा रुंदीकरणाच्या कोणत्याही प्रस्तावाला प्रशासकीय मान्यता देण्यापूर्वी भूरूपशास्त्राच्या, म्हणजे जमीन आणि नद्या कशा घडतात याच्या शास्त्राच्या, जाणकाराचा लेखी अभिप्राय बंधनकारक करावा. त्या अभिप्रायात खाली कोणता थर आहे, तळ किती खाली जाणार आहे आणि वरच्या बाजूच्या कोणत्या ओढ्यांवर त्याचा परिणाम होईल, एवढे तरी असावे. बोरी आणि नेवासे येथील महत्त्वाच्या दरडींना संरक्षित स्थळाचा दर्जा मिळावा. पुण्यातील या संशोधनाचा बहुतांश भाग इंग्रजी नियतकालिकांत आहे. तो सोप्या मराठीत, नकाशे आणि छेदांसह, ग्रामपंचायती आणि पाणलोट समित्यांच्या हाती पडावा. हे काम विद्यापीठाने किंवा राज्याच्या भूजल यंत्रणेने केले तर उत्तमच, पण आपल्या दैनिकानेही त्यासाठी एखादी लेखमाला सुरू करावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

यातील एक काम तर फार खर्चाशिवाय लगेच होऊ शकेल. नदीकाठच्या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या भूगोल विभागांत सर्वेक्षणाची साधने असतात आणि विद्यार्थ्यांना क्षेत्रभेटीचे काम करावेच लागते. प्रत्येक विभागाने आपल्या नदीवरील काही ठरावीक ठिकाणी, कायमस्वरूपी खुणा रोवून, एका दरडीपासून समोरच्या दरडीपर्यंतचा पात्राचा आडवा छेद दरवर्षी मोजावा आणि ती नोंद पाटबंधारे विभागाला व तहसीलदारांना द्यावी. वाळूचा लिलाव किंवा खोदकामाचा प्रस्ताव आला की निदान तळ गेल्या दहा वर्षांत वर आला की खाली गेला, हे समोर असेल. ही मोजणी पात्र कोरडे असताना, एप्रिल-मे महिन्यांतच करता येते. त्यामुळे जिल्हा प्रशासनाने महाविद्यालयांना तशी पत्रे परीक्षांचे वेळापत्रक लागण्यापूर्वी, फेब्रुवारी अखेरपर्यंत पाठवणे आवश्यक आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
संगमनेर तालुका, जि. अहिल्यानगर